स्टोरीलाइन, कॅप्टिव्हेटमधले फोटो-आवाज-व्हिडिओ: मूळ फाइली ठेवायच्या कुठे?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी,

बाणेरला एका लहानशा ई-लर्निंग टीममध्ये काम करते. चाकण, रांजणगाव, पिरंगुट भागातल्या कारखान्यांसाठी आम्ही सुरक्षा प्रशिक्षणाचे कोर्स करतो. काम मुख्यतः स्टोरीलाइनमध्ये (कॅप्टिव्हेटसारखंच, कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर). प्रत्येक कोर्स मराठी, हिंदी आणि इंग्रजीत.

सध्या एक जुना कोर्स माझ्याकडे आलाय. विषय, पॉवर प्रेसवर सुरक्षितपणे काम कसं करायचं. मधल्या काळात कारखान्यानं प्रेसचं गार्ड बदललं, समोर लाइट कर्टन (मध्ये हात आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा) बसवला आणि कंपनीचा लोगोही नवा आला. म्हणजे फोटो बदलायचे, काही ठिकाणी निवेदनाची वाक्यं बदलायची, लोगो सगळीकडे बदलायचा. पण प्रोजेक्ट उघडलं तर लायब्ररीत 'पिक्चर १', 'पिक्चर १ कॉपी', 'इमेज ४७', 'व्हीओ फायनल', 'व्हीओ फायनल नवीन', 'व्हीओ फायनल नवीन खरं' अशी रांग लागलेली (व्हीओ म्हणजे व्हॉइसओव्हर, निवेदन). मूळ फोटो कुठंच नाहीत. कोर्स ज्यांनी केला त्या नोकरी बदलून गेल्या, त्यांचा लॅपटॉप आयटीनं पुसून दुसऱ्या कुणाला दिला. निवेदन कुणाच्या आवाजात आहे हेसुद्धा ऑफिसात कुणाला सांगता येत नाहीये.

हा कोर्स मी निस्तरेनच, काळजी आहे ती पुढच्यांची. हे बघून माणसं खरोखर त्या प्रेससमोर उभी राहतात. जुन्या गार्डचा एक फोटो जरी राहून गेला, तरी नवा कामगार हात कुठं घालायचा नाही हे चुकीचं शिकणार.

तर तुम्ही मूळ फाइली कुठं ठेवता? टूलच्या आतल्या लायब्ररीवर भागतं का? नावं कशी देता? आणि हे सांभाळायचं कुणी, आयडीनं (कोर्सची आखणी करणारा इन्स्ट्रक्शनल डिझायनर), ग्राफिकवाल्यानं की प्रोजेक्ट मॅनेजरनं?

टूलच्या बाहेर टीमची स्वतःची लायब्ररी हवीच असं माझं मत आहे. ऑफिसात ते सगळ्यांना पटत नाहीये, म्हणून इथं विचारतेय.

कोथरूड_डेपो

आधी तातडीचं बघू. .स्टोरी फाइलची, म्हणजे स्टोरीलाइन प्रोजेक्टची, एक प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत मीडियाचं फोल्डर सापडेल. नावं काहीच्या काही असतील, पण साइझप्रमाणे लावलं की मोठे फोटो आणि ऑडिओ वर येतात. पब्लिश केलेल्या (शिकणाऱ्यांसाठी तयार करून काढलेल्या) फोल्डरमधून मात्र फोटो उचलू नका, ते पब्लिश होताना दाबले (कॉम्प्रेस केले) गेलेले असतात.

मुठाकाठ

हे माहीत नव्हतं! उद्या ऑफिसात गेल्या गेल्या करून बघते.

डेस्क_नंबर_सात

मी थोडा वेगळा सूर लावतो. स्टोरीलाइन ३६०ची मीडिया लायब्ररी लोक उघडूनच बघत नाहीत. 'व्ह्यू' टॅबमधून उघडली की चित्रं, कॅरेक्टर, ऑडिओ, व्हिडिओ वेगवेगळे दिसतात. कोणती वस्तू किती ठिकाणी वापरली तो आकडा समोर येतो, आणि 'रिप्लेस' केलं की ती जिथं जिथं आहे तिथं बदलते. वापरात नसलेलं काढून टाकलं की प्रोजेक्ट हलकं होतं. जुन्या कॅप्टिव्हेटमध्येही लायब्ररीत न वापरलेल्या वस्तू एका दमात निवडायचं बटण आहे.

चार माणसांच्या टीमनं बाहेर दुसरी लायब्ररी काढली की तीच फाइल दोन ठिकाणी होते, आणि यातली खरी कोणती यावर रोज चर्चा. नियम जितके जास्त, तितके ते लवकर मोडतात. टूल जे देतं ते नीट वापरा, एवढंच माझं म्हणणं.

जुनी_जाणती

डेस्क नंबर सात, रिप्लेसचा मुद्दा बरोबर आहे. पण तो लोगो सगळीकडे एकाच वस्तूतून आलेला असेल तरच. कुणी पॉवरपॉइंटमधून, कुणी ईमेलमधून, कुणी स्क्रीनशॉट काढून चिकटवला असेल, तर लायब्ररीत तेच चित्र पाच नावांनी पाच वेळा बसलेलं असतं. लोगो स्लाइड मास्टरवर (सगळ्या स्लाइडच्या सामायिक साच्यावर) असायला हवा, सुट्या स्लाइडवर नको.

आता जरा मागचं सांगते, कारण 'टूल जे देतं ते वापरा' हे वाक्य मी या धंद्यात सीडी-रॉमच्या काळापासून ऐकत आलेय. तेव्हा बरेच कोर्स ॲडोबीच्या फ्लॅशवर चालायचे. ते बंद होणार हे जुलै २०१७ मध्ये जाहीर झालं. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं कंटेंट चालवणंच थांबवलं. मधली तीन वर्षं सगळ्यांना सारखीच मिळाली होती. ज्यांच्याकडे मूळ, बदल करता येणाऱ्या .एफएलए फाइली होत्या त्यांनी त्या ॲडोबीच्या ॲनिमेटमध्ये उघडल्या आणि एचटीएमएल५ कॅनव्हासवर (ब्राउझरमध्ये फ्लॅशशिवाय चालणाऱ्या रूपात) नेल्या. ॲक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशचा कोड) पुन्हा लिहावी लागली, पण चित्रं, टाइमलाइन, आवाज हाताशी होतं. ज्यांच्याकडे पब्लिश झालेल्या नुसत्या .एसडब्ल्यूएफ उरल्या होत्या त्यांनी तेच कोर्स पहिल्यापासून काढले. चित्रकार पुन्हा, आवाज पुन्हा, ग्राहकाची मंजुरीही पुन्हा.

मी त्या काळात एका ग्राहकाचं काम बघत होते. रसायनांच्या हाताळणीचा सुरेख कोर्स. प्रत्येक पिंपाचं, प्रत्येक व्हॉल्व्हचं हातानं काढलेलं चित्र. काढणारा चित्रकार आता या जगात नाही. मूळ चित्रं विक्रेत्याच्या कुठल्याशा मशीनवर होती आणि ते मशीन भंगारात गेलं होतं. पडद्यावर चित्रं दिसत होती, पण त्यातला एक पाइपसुद्धा हलवता येत नव्हता. मला अजून हळहळ वाटते त्याची.

टूलची लायब्ररी म्हणजे ओट्यावरचे डबे. रोजचं हाताशी हवं ते तिथं ठेवावं, पण वर्षाचं धान्य कोठीतच असतं. आज स्टोरीलाइन आहे, उद्या ग्राहक म्हणेल राइज या दुसऱ्या टूलमध्ये द्या, परवा आणखी कशात. मूळ फाइल कोणत्याही टूलवर अवलंबून असता कामा नये. मुठाकाठ ताई, तुमच्या मताला माझं पूर्ण अनुमोदन.

पेठकरीण

+१. फ्लॅशच्या वेळी आमच्याकडेही रात्री जागवल्या होत्या लोकांनी.

आवाजघर

सदाशिव पेठेत माझा छोटा स्टुडिओ आहे. निवेदनाची रेकॉर्डिंग करतो, म्हणून आवाजापुरतं बोलतो.

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल मिनिटाला साधारण ५ एमबी होते. ६४ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला अर्ध्या एमबीच्या आत. हा फरक बघून लोक एमपी३ ठेवतात आणि वेव्ह उडवतात. अहो, तासाभराचं निवेदन वेव्हमध्ये ३०० एमबीच्या थोडं वर जाईल. आजच्या डिस्कवर ते काहीच नाही. एकदा दाबलेला आवाज पुन्हा कापून, पुन्हा दाबून वापरला की 'स', 'श', 'च' खरखरायला लागतात. हेडफोन लावलेल्या माणसाला ते पहिल्या मिनिटात कळतं.

दुसरं, अख्ख्या मॉड्यूलची एकच लांबलचक फाइल ठेवू नका. संहितेतल्या प्रत्येक वाक्याची किंवा परिच्छेदाची वेगळी क्लिप हवी. ग्राहकानं एक वाक्य बदललं तर तेवढंच घ्यायचं.

तिसरं, पॅचचा (नंतर जोडायच्या तुकड्याचा) आवाज जुळण्यासाठी मला चार गोष्टी लागतात. निवेदक कोण, माइक कोणता, माइकपासून अंतर किती आणि खोलीचा नुसता आवाज. म्हणजे कुणीही बोलत नसताना घेतलेली अर्ध्या मिनिटाची शांतता. ती शांतता जपून ठेवणारा ग्राहक मला क्वचित भेटतो, आणि तिच्याशिवाय जोड लपत नाही.

ऑडॅसिटी (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: मार्च २०२१ मधल्या ३.० आवृत्तीपासून प्रोजेक्टची एकच .एयूपी३ फाइल होते. त्याआधी .एयूपी फाइल आणि शेजारी डेटाचं वेगळं फोल्डर असायचं. जुन्या पेन ड्राइव्हवर नुसती .एयूपी सापडली, तर तिच्यात आवाज नसतो. शेजारचं फोल्डर शोधा.

अवांतर: जुलैपासून गणपतीपर्यंत संध्याकाळची वेळ मागू नका. नदीपात्रात पथकांचा सराव चालू असतो. दरवाजे कितीही जाड लावा, ढोलाचा खर्ज भिंतीतून येतो. सकाळी या.

पेठकरीण

अगदी! कल्पना करा, निवेदन चाललंय 'मशीन ताबडतोब बंद करा' आणि मागून ताशाची तर्री. कामगार मशीन बंद करून नाचायलाच लागायचा.

कोथरूड_डेपो

निदान मशीन तरी बंद करेल. सुरक्षेचा उद्देश सफल.

आवाजघर

हा हा. पण मी स्वतः पथकात वाजवलंय बरं का, सरावाला नावं ठेवत नाही. फक्त सकाळी या.

मास्तर_भोर

मी भोर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. तुमच्यासारखी कंपनी नाही, टीम नाही. एच५पी या मोफत टूलमध्ये सराव चाचण्या आणि संवादी व्हिडिओ करतो, तालुक्यातले आम्ही काही शिक्षक मिळून. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून मुलं दीक्षा या सरकारी पोर्टलवर जातात, तसं आपल्या गावच्या ओढ्याचं, देवराईचं, भातखाचरांचं पण काही असावं म्हणून हा खटाटोप.

आमची अडचण अशी की फोटो येतात व्हॉट्सॲपच्या गटावर. एक शिक्षक भाताच्या लावणीचा सुंदर फोटो पाठवतो, पण पडद्यावर लावला की फुटतो. कोणी काढला, कोणत्या गावचा, तेही दोन महिन्यांनी कुणाला आठवत नाही. फुकटात आणि एका माणसाला जमेल असं काही सांगाल का?

सर्व्हरखोली

मास्तर, व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि कधी, कुठं, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला ही आतली माहितीही जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल जशीच्या तशी येते. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. उरलेलं म्हणजे एक सामायिक ड्राइव्ह आणि एक शीट. फोटोचं नाव, गाव, कुणी काढला, कशात वापरला. बास.

एच५पीचं एक लक्षात ठेवा. त्यात सगळ्यांसाठी मिळून अशी मीडिया लायब्ररी नसते, प्रत्येक कृती आपल्या फाइली पोटात घेऊन फिरते. तोच फोटो दहा कृतींत लावला आणि नंतर बदलायचा ठरवलं, तर दहा ठिकाणी जावं लागतं. म्हणून 'कशात वापरला' हा रकाना कधी रिकामा ठेवू नका. मोठे व्हिडिओ आत चढवण्यापेक्षा लिंकनं जोडा.

आता बाकीच्यांसाठी. मी मूडलचे (ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरचे) सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे 'आमच्याकडे चालतं, तुमच्याकडे का चालत नाही' हे वाक्य मला पाठ आहे. कारणं बहुतेक वेळा फाइलींच्या नावात असतात. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच, लिनक्सला नाही. हातानं कोड लिहिलेल्या वेब पानात लोगोचं नाव स्मॉल अक्षरांत आणि प्रत्यक्ष फाइल कॅपिटलमध्ये असेल, तर ऑफिसातल्या लॅपटॉपवर दिसतो आणि सर्व्हरवर गायब. देवनागरी नावाच्या फाइली झिप करून इकडून तिकडे नेल्या की कधी कधी नावाच्या जागी नुसती चिन्हं उरतात. आपली भाषा मलाही प्रिय आहे, पण फाइलचं नाव रोमन, स्मॉल अक्षरांत, मध्ये रिकामी जागा न सोडता द्या. मराठी शीर्षक शीटमध्ये लिहा.

फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असंही करू नका. विंडोजमध्ये अख्ख्या पत्त्याची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे. 'ग्राहक, वर्ष, प्रकल्प, अंतिम, मंजूर, पाठवलेलं' अशी उतरंड केली की पब्लिश करताना ती ओलांडली जाते आणि चूक भलतीकडेच दिसते.

अवांतर: स्कॉर्म (मूडलसारख्या सर्व्हरवर कोर्स चढवायचा ठरलेला साचा) झिप करताना फोल्डर झिप करू नका, फोल्डरच्या आतलं सगळं निवडून झिप करा. कोर्सची माहिती असलेली आयएमएस मॅनिफेस्ट फाइल झिपच्या मुळाशीच हवी. याच्यासाठी मला अजूनही रात्री फोन येतात.

डेस्क_नंबर_सात

सर्व्हरखोली, पण मूडल तर एकच फाइल कितीही वेळा चढवली तरी एकदाच साठवतो ना? मग डुप्लिकेटची एवढी भीती कशाला?

सर्व्हरखोली

साठवतो एकदाच, बरोबर. फाइलच्या मजकुरावरून एसएचए-१ हॅश (मजकुराचा ठसा म्हणावा असा लांब कोड) काढतो आणि त्या नावानं ठेवतो. म्हणून डिस्क वाचते. पण माणसाला त्याचा उपयोग नाही. त्या फोल्डरात गेलात तर नुसत्या हॅशच्या नावाच्या फाइली दिसतात, लाइट कर्टन कोणता आणि लोगो कोणता ते ओळखू येत नाही. शिवाय तोच फोटो एकदा जरी पुन्हा सेव्ह केला की हॅश बदलतो आणि ती नवी फाइल होते.

मास्तर_भोर

डॉक्युमेंटची युक्ती आत्ताच गटावर टाकली. मनापासून आभार.

कोथरूड_डेपो

नावांबद्दल आमची पद्धत सांगतो. मॉड्यूल क्रमांक, स्लाइड क्रमांक, प्रकार, भाषा, आवृत्ती. उदाहरणार्थ 'एम०३_एस१२_व्हीओ_एमआर_व्ही०२'. इथं देवनागरीत लिहिलंय, प्रत्यक्षात रोमनच. फोल्डर उघडलं की सगळं क्रमानं लागतं.

जुनी_जाणती

यातला स्लाइड क्रमांक काढा हो. पहिल्या परीक्षणात ग्राहक दोन स्लाइड पुढे ढकलतो, एक मधूनच घालतो, आणि बारावी स्लाइड पंधरावी होते. मग एकतर सगळ्या फाइलींची नावं बदला, नाहीतर खोटी नावं घेऊन जगा. बहुतेक टीम दुसरं करतात.

नाव संहितेच्या ओळीवरून द्या. स्टोरीबोर्डमध्ये (कोर्सच्या लेखी आराखड्यात) प्रत्येक निवेदनाला आणि प्रत्येक चित्राला लिहिताना एकदाच क्रमांक मिळतो. ओळ पुढे गेली, मागे गेली, तरी तो क्रमांक तिचाच राहतो. ओळ रद्द झाली तर क्रमांकही रद्द, दुसऱ्या ओळीला द्यायचा नाही. नवी ओळ आली की शेवटचा पुढचा क्रमांक. मग निवेदक, ग्राफिकवाला, भाषांतरकार, परीक्षक सगळे '०४७' म्हणाले की एकाच गोष्टीबद्दल बोलतात.

कोथरूड_डेपो

पण मग फोल्डरमध्ये स्लाइडच्या क्रमानं दिसणार नाही.

जुनी_जाणती

क्रम बघायला स्टोरीबोर्ड आहे. फोल्डरचं काम फाइल सापडण्याचं.

आवाजघर

जाणती ताईंशी शंभर टक्के सहमत. स्टुडिओत निवेदकाच्या हातातल्या कागदावर ओळीचा क्रमांक असेल तर मी टेक घेतानाच तो बोलून घेतो, '०४७, टेक दोन'. नंतर कापणाऱ्याला शोधावं लागत नाही.

कोथरूड_डेपो

हं. पटतंय. पुढच्या प्रोजेक्टला करून बघतो.

हिंजवडी_फेज_दोन

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून विचारतो. हे सगळं गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) का नाही ठेवत? कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळा इतिहास मिळेल.

सर्व्हरखोली

संहिता, सबटायटल, शीट यांच्यासाठी गिट उत्तम. पण .स्टोरी ही बायनरी फाइल, साधा मजकूर नाही. दोघांनी एकाच वेळी बदल केले तर जोडता येत नाहीत, कुणाचं तरी काम जातंच. गिटहबवर (गिटचं काम ऑनलाइन ठेवायच्या साइटवर) १०० एमबीच्या वरची साधी फाइल चढत नाही, त्यासाठी एलएफएस ही मोठ्या फाइलींची वेगळी सोय लावावी लागते. ग्राफिकवाल्यांना ते शिकवण्यात अर्धं वर्ष जाईल. त्यापेक्षा 'आज हे प्रोजेक्ट माझ्याकडे आहे' असं शीटमध्ये लिहिलेलं बरं.

आणि प्रोजेक्ट थेट नेटवर्क ड्राइव्हवर किंवा सिंक होणाऱ्या फोल्डरात उघडून काम करू नका. स्टोरीलाइन बनवणाऱ्यांचाही सल्ला हाच आहे की काम स्वतःच्या मशीनच्या डिस्कवर करावं. संध्याकाळी प्रत वर टाकायची. फाइल बिघडल्याच्या बहुतेक कहाण्या इथूनच सुरू होतात.

चित्रलेणी

ग्राफिकवाल्यांची बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून लिहिते.

तीन भाषांच्या कोर्सात सगळ्यात महागात पडतं ते चित्रात भाजलेलं अक्षर. 'धोका', 'हात लांब ठेवा' हे शब्द जेपीजीतच असतील, तर स्टोरीलाइनमधून भाषांतरासाठी मजकूर बाहेर काढताना ते येतच नाहीत. हिंदी कोर्स तयार होतो आणि पाटी मराठीच राहते. चित्र रिकामं ठेवा, अक्षर टूलमध्ये वर लिहा. चित्रातच हवं असेल तर थरांची (लेयरची) मूळ फाइल जपा आणि शीटमध्ये लिहा की यात मजकूर आहे.

फॉन्टसुद्धा ॲसेटच (फोटो-आवाजासारखीच जपायची वस्तू) आहे, हे लोक विसरतात. जुन्या पीएसडीमधला (फोटोशॉपच्या फाइलीतला) मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि कॉपी करून काही उपयोग नसतो. आता मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो सान्स देवनागरी असे चांगले फॉन्ट आहेत. ज्या फॉन्टमध्ये काम केलं त्याची फाइल आणि परवाना प्रोजेक्टच्या फोल्डरातच ठेवा. रफार आणि ऊकार कापले जातायत का, हे 'कार्यपूर्ती', 'रूढ' असे शब्द टाकून आधीच बघा. इंग्रजीवर बेतलेल्या बटणात ओळीची उंची कमी असते आणि वेलांटीचा माथा जातो.

मुठाकाठ

चित्रलेणी, अगदी आत्ता हेच सापडलं! लॉकआउटच्या (दुरुस्तीआधी मशीन बंद करून टाळं लावण्याच्या) स्लाइडवर टाळ्याला लावलेल्या टॅगवर मराठीत नाव आणि तारीख, चित्रातच. इंग्रजी कोर्सातही तेच चित्र.

कलम_बावन्न

परवान्यांचा रकाना शीटमध्ये हवाच, म्हणून हा प्रतिसाद.

'शिक्षणासाठी आहे, चालतं' असं सर्रास बोललं जातं. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ मध्ये शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सूट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा विद्यापीठाच्या फोटोकॉपीचा निकाल त्यावरचाच. मास्तरांना त्याचा आधार वाटू शकतो. कंपनीनं पैसे घेऊन केलेल्या प्रशिक्षणानं मात्र त्यावर विसंबू नये. क्रिएटिव्ह कॉमन्सचं (अटींवर मोफत वापरता येणारं) चित्र घेतलं तर परवाना पूर्ण वाचा. 'नॉन-कमर्शियल' असेल तर तुमच्या ग्राहकासाठी नाही. 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' असेल तर त्यावर बाण काढून, बदल करून पुढे देता येत नाही. ज्याला श्रेय द्यायचंय त्याचं नाव कोर्सात कुठंतरी दिसलं पाहिजे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग बाहेरच्या छायाचित्रकाराशी, लेखकाशी केलेल्या कराराचा. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. ग्राहकाचा कारखाना उद्या व्हिएतनाममध्ये निघाला आणि तोच कोर्स तिकडे गेला, तर प्रश्न येईल. निवेदकाशीही सगळं लेखी करा.

आणि कारखान्यातले फोटो. त्यात खरे कामगार असतात. त्यांची लेखी संमती घ्या, त्यांना वाचता येईल अशा भाषेत. तो कागद फोटोच्या नावानं ठेवा. माणूस नोकरी सोडून गेला आणि म्हणाला माझा फोटो काढा, तर कोणत्या कोर्सात तो आहे हे पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. त्याच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे.

पेठकरीण

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). हा शेवटचा परिच्छेद आमच्या एचआरला पाठवतेय.

डेस्क_नंबर_सात

संमतीचा आणि परवान्याचा मुद्दा मान्य. ते टूलच्या लायब्ररीत कुठंच लिहून ठेवता येत नाही, हे खरंय. पण मग एक करा, नियम एका पानात बसवा. दहा पानांचं धोरण कुणी वाचत नाही.

जुनी_जाणती

यावर आपलं पूर्ण एकमत आहे.

मुठाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. आज काय झालं ते सांगते.

प्रतीची झिप उघडली. फोटो बऱ्यापैकी मोठ्या आकारात मिळाले, निवेदनाच्या क्लिपाही. पण जुन्या गार्डचे फोटो आता उपयोगाचे नाहीत. त्यामुळे कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांशी बोलले. देखभालीच्या दिवशी प्रेस बंद असते तेव्हा ते नव्या गार्डचे आणि लाइट कर्टनचे फोटो काढू देणार आहेत. ऑपरेटर काकांनी आधीच विचारलं, 'माझा फोटो येणार का त्यात?' येणार, आणि संमतीचा कागद मराठीत नेतेय.

ऑफिसात ठरलं ते असं. मूळ फाइली टीमच्या ड्राइव्हवर, प्रत्येक कोर्सात एकच पातळी: चित्रं, आवाज, व्हिडिओ, फॉन्ट, कागदपत्रं. नाव संहितेच्या क्रमांकावरून. शीटमध्ये एका वस्तूला एक ओळ. स्टोरीलाइनची लायब्ररी रोजच्या कामाला आणि रिप्लेसला वापरायची, पण तिच्यात जे जाईल ते आधी ड्राइव्हवर आलेलं हवं. ईमेलमधून थेट चिकटवणं बंद.

दोन गोष्टी अजून सुटल्या नाहीत. जबाबदारी कुणाची, यावर मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघत बसले. आणि आवाज. ओळखीच्या एकदोघांना ऐकवला, निवेदिका कोण ते कळत नाही. चार वाक्यं नव्या आवाजात घेतली तर मध्येच दुसरी बाई बोलल्यासारखं होईल. सगळंच पुन्हा घ्यायचं तर बजेट नाही.

आवाजघर

चार वाक्यं सुटी जोडू नका, ती खटकणारच. ज्या विषयात ती येतात तो अख्खा विषय नव्या आवाजात घ्या. एक विषय संपून दुसरा सुरू होताना आवाज बदलला तर ऐकणाऱ्याला ते ठरवून केल्यासारखं वाटतं. खर्चही आवाक्यात राहतो. जुन्या क्लिपांची पातळी आणि नव्यांची पातळी मात्र सारखी करून घ्या. एखादी जुनी क्लिप इथल्या निरोपातून पाठवा. पेठेतल्या बऱ्याच निवेदिकांचे आवाज मी ओळखतो, कदाचित सापडतीलही.

मुठाकाठ

पाठवली!

कोथरूड_डेपो

जबाबदारीचं: आमच्याकडे शीट आयडी भरतो, कारण ओळींचे क्रमांक त्याच्याकडून निघतात. फाइल जागेवर ठेवायचं काम ज्यानं ती केली त्याचं. आणि शीट पूर्ण नसेल तर मॅनेजर पब्लिश करायला परवानगी देत नाही. हे शेवटचं नसेल तर पहिली दोन्ही कागदावरच राहतात. कोटेशन देतानाच या कामाचे तास धरा, नाहीतर ते रात्री साडेनऊला कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

मास्तर_भोर

शीटचा नमुना कुणी इथं टाकेल का? आमच्यापुरता छोटा करून घेतो.

कोथरूड_डेपो

रकाने सांगतो, तिथंच टाइप करून घ्या: क्रमांक, फाइलचं नाव, मराठीत वर्णन, कुणी केलं, कुठून आणलं, परवाना किंवा संमती, चित्रात मजकूर आहे का, कुठं कुठं वापरलं, बदलल्याची तारीख. तुम्हाला यातले पाच पुरतील.

जुनी_जाणती

मुठाकाठ ताई, कोर्स देण्याआधी एक करून बघा. या प्रोजेक्टला हात न लावलेल्या कुणाला तरी तासभर बसवा. त्याला फक्त ड्राइव्ह आणि शीट द्या आणि सांगा, लॉकआउटच्या टॅगचं चित्र तिन्ही भाषांत बदलून पब्लिश कर. तुम्ही शेजारी बसा, पण सांगू काही नका. तो जिथं अडेल तिथं शीट अपुरं आहे.

मुठाकाठ

शुक्रवारी करते. आमच्या अकाउंट्समधल्या काकूंनाच बसवणार आहे, त्या आनंदानं तयार झाल्यात.

आवाजघर

आवाज ओळखला! निवेदिका पुण्यातच आहेत. निरोपात कळवतो. आधी त्यांना विचारतो, मग तुम्हाला नंबर देतो.